गोणी आणि ट्रॉली : असीरगडच्या डोंगराळ रानात सेंद्रिय शेतीला खरा खर्च किती?

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यात नत्र साधारण पावणेएकवीस किलो. तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं, आणि चांगल्या कुजलेल्या खतात अर्धा टक्का नत्र धरलं, तर चार टनांहून थोडं जास्त खत लागतं. म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन भरगच्च ट्रॉल्या. गोणी मोटरसायकलवर मागे बांधून नेता येते. ट्रॉली मात्र असीरगडच्या आसपासच्या निम्म्या शेतांपर्यंत पोचतच नाही.

सेंद्रिय शेतीच्या खर्चाबद्दल बोलताना बहुतेक वेळा ‘काय विकत घ्यावं लागेल’ एवढंच सांगितलं जातं, आणि ते खरोखर फारसं नसतं. बुरहानपूरहून खंडव्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सातपुड्याचे उतार लागतात. तिथे पैसा तीन गोष्टींवर जातो : वाहून नेणं, निंदणी, आणि उत्पन्न सावरेपर्यंतची दोन-तीन वर्षं. या तिन्हींचा हिशेब आधी मांडावा, मगच पाटी बदलावी. युरियामागचं सरकारी अनुदान आणि शेणखतामुळे जमिनीत टिकणारी ओल या दोन्ही गोष्टी वरच्या तुलनेत धरलेल्या नाहीत, हे मान्य. पण पेरणीच्या आठवड्यात शेतकऱ्याच्या खिशाला दिसते ती गोणीचीच किंमत.

तापीकाठच्या काळ्या, खोल जमिनीत केळी घेणाऱ्यांसाठी हा लेख नाही. त्यांचं गणित वेगळं आहे. केळी बहुवर्षायू पिकात मोडते, त्यामुळे प्रमाणपत्राची वाटही लांबते. इथे डोळ्यांसमोर आहे तो दोन-चार एकर बरड, मुरमाड जमिनीवर पावसाच्या पाण्यावर सोयाबीन, मका, कापूस, तूर, ज्वारी घेणारा शेतकरी. तो कोरकू असेल, बारेला-भिलाला असेल, किंवा पिढ्यान् पिढ्या निमाडात राहिलेला मराठी बोलणारा असेल. शेजारच्या रावेर, मुक्ताईनगर किंवा धारणीच्या डोंगराळ गावांनाही हाच हिशेब थोड्या फरकाने लागू पडतो. फक्त तिथे पटवारीऐवजी तलाठी आणि खसऱ्याऐवजी सातबारा वाचावा.

वर नेण्याची किंमत

चार टन खत पंचवीस किलोच्या पाटीने डोक्यावरून न्यायचं तर १६० खेपा होतात. बैलगाडी जात असेल तर एका खेपेला पाच क्विंटल धरून आठ खेपा, म्हणजे गाडी-जोडीचे दोन दिवस. खत विकत घेणाऱ्याने ट्रॉलीचा भाव ठरवताना ‘कुठे टाकणार’ हा प्रश्न आधी विचारावा. रस्त्यावर टाकून देण्याचा भाव आणि शेतात टाकण्याचा भाव यांत जो फरक पडतो, तोच तुमचा डोंगराचा कर. अकबराला असीरगड १६०१ साली कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर मिळाला. गड इतका टिकला, कारण धान्य-पाण्याचा साठा आधीच वर करून ठेवलेला होता. खताचंही तसंच करावं लागतं. वैशाखात, रस्ते कोरडे असताना, ते वर गेलं नाही तर आषाढात जाणार नाही.

खत वर न्यायचं नसेल तर ते वरच तयार करावं लागतं. त्याचे दोन-तीन मार्ग खरोखर स्वस्त आहेत. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला छाटून तिथेच अंथरणं, हा पहिला. फांदी रोवली की झाड येतं आणि रोपाला जवळपास खर्च नाही. पहिल्या पावसावर ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडणं हा दुसरा, पण त्यात हंगामाचे सहा-सात आठवडे जातात आणि कोरडवाहू शेतकऱ्याला ते परवडेलच असं नाही. तिसरा मार्ग जुना आहे आणि मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो : मेंढ्या बसवणं. काढणीनंतर फिरस्त्या मेंढपाळांचा वाडा रात्री शेतात बसवला की लेंडी आणि मूत थेट जमिनीत जातं, वाहतूक शून्य. मोबदला धान्यात किंवा रात्रीच्या हिशेबाने रोख, बोलून ठरतो. कळपात मेंढ्या किती आणि वाडा किती रात्री, हे ठरवूनच पैसे द्यावेत.

घरच्या गोठ्याचा हिशेबही स्वच्छ करून घ्यावा. देशी जनावर दिवसाला साधारण दहा किलो शेण देतं, पण दिवसभर जंगलात चरणाऱ्या जनावराचं निम्मं शेण जंगलातच राहतं. उरलेलं कुजून खत होईपर्यंत वजन निम्म्यावर येतं. म्हणजे चरायला जाणाऱ्या एका जनावरामागे वर्षाला टनभर खताची अपेक्षा धरावी, त्याहून जास्त नाही. एकरी चार टन द्यायचे तर चार-पाच जनावरं हवीत.

इथे कोणीतरी हमखास म्हणतो, ‘एका गायीवर तीस एकर होतात.’ हा दावा अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांचा. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. दावा जीवामृताबद्दलचा आहे आणि शेणाच्या वजनापुरता तो बरोबर बसतो : एकरी एका वेळेला दहाच किलो शेण लागतं. पण जीवामृत हे जमिनीतल्या जिवाणूंना चालना देणारं विरजण आहे. ज्या बरडावर पालापाचोळाच नाही, तिथे विरजण लावायला दूध कुठलं? शेणखत किंवा पाला यांपैकी एक तरी त्याच्या जोडीला हवंच.

एका एकराचा उघडा हिशेब

पुढचे बाजारातले दर मी हिशेबापुरते धरले आहेत, तुमच्या गावचे दर घालून पुन्हा मांडा. मजुरी रोज ३०० रुपये धरू. २०२५-२६ साली मध्य प्रदेशात मनरेगाची मजुरी २६१ रुपये होती, आणि निंदणीच्या दिवसांत गावातला दर त्याच्या वरच जातो. नांगरणी, पेरणी आणि वेचणी दोन्ही पद्धतींत सारखीच, म्हणून बाजूला ठेवली आहे.

पीक कापूस, जमीन एक एकर, सगळं विकतचं. शेणखताच्या दोन ट्रॉल्या ३,५०० रुपयांप्रमाणे ७,००० रुपये. रस्त्यापासून शेतापर्यंत बैलगाडीचे दोन दिवस, २,०००. पसरायला दोन मजूर, ६००. जीवामृत एका वेळेला २०० लिटर : दोन किलो गूळ १०० रुपये, दोन किलो बेसन २०० रुपये, अर्ध्या दिवसाची मजुरी १५०, एकूण ४५०. हंगामात सहा वेळा दिलं तर २,७०० रुपये. निंबोळी अर्काच्या तीन फवारण्या : निंबोळ्या गोळा करणं, कुटणं, भिजवणं, गाळणं आणि फवारणं मिळून पाच दिवसांची मजुरी, १,५००. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे आणि त्यांच्या ल्युअर, ५००. बीटी नसलेलं बियाणं, ५००. आणि तीन निंदण्या, प्रत्येकीला आठ बाया, चोवीस दिवस, ७,२०० रुपये. बेरीज २२,०००.

रासायनिक पद्धतीचा तोच एकर : बीटीची दोन पाकिटं, २०२५-२६ च्या सरकारी दराने प्रत्येकी ९०१ रुपये, म्हणजे १,८०२. डीएपीची एक गोणी १,३५०. युरियाच्या दोन ५३३. कीटकनाशकं ४,०००, फवारणीची मजुरी १,२००. तणनाशक ६००, आणि तरीही एक निंदणी, दहा बाया, ३,०००. बेरीज साडेबारा हजारांच्या आत.

म्हणजे सगळं बाजारातून आणणाऱ्याला सेंद्रिय कापसाचा खर्च जवळपास पावणेदोन पट पडतो. ‘सेंद्रिय म्हणजे शून्य खर्च’ हे वाक्य ऐकलं की माझा विश्वास उडतो तो याच बेरजेमुळे.

आता तोच हिशेब गोठा असलेल्या, घरात चार हात असलेल्या कुटुंबाचा मांडू. रोख लागते ती गूळ-बेसनाला १,८००, सापळ्यांना ५०० आणि बियाण्याला ५००. एकूण २,८०० रुपये. बाकीचा खर्च नाहीसा झालेला नाही, तो अंगावर आला आहे : निंदणीचे चोवीस, निंबोळीचे पाच, जीवामृताचे तीन, खत पसरण्याचे दोन, असे चौतीस दिवस. ते दिवस घरात मोकळे असतील तरच ही बचत खरी. बुरहानपूरच्या केळीच्या बागांत रोजाने जाणारं माणूस निंदणीसाठी घरी थांबलं, तर तेवढी रोजंदारी बुडते. ती खर्चातच धरायला हवी.

बेसनाचे पैसे वाचवता येतात. जीवामृताला कुठल्याही डाळीचं पीठ चालतं आणि घरच्या तुरीची चुणी दळून घातली तरी काम भागतं. पाण्याचं मात्र तसं नाही. सहा वेळेचं जीवामृत म्हणजे १,२०० लिटर, पंधरा लिटरच्या ऐंशी घागरी. विहीर खाली आणि शेत वर असेल तर त्या कोणाच्या डोक्यावरून जाणार, हे घरात आधी बोलून घ्या. बहुतेक घरांत त्या बाईच्याच डोक्यावरून जातात. शेताच्या वरच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा कागद अंथरून छोटा खड्डा केला आणि पावसाचं पाणी धरलं, तर निम्म्या घागरी वाचतात.

पहिल्या वर्षी कापूस नको

खर्चानंतर उत्पन्न. याबाबत आपल्याच निमाडात चांगली माहिती आहे आणि तिचा उपयोग कमी होतो. असीरगडच्या वायव्येला, खरगोन जिल्ह्यात नर्मदेकडे, कसरावद इथे बायोरे या संस्थेच्या जागेवर स्वित्झर्लंडच्या फिब्ल या सेंद्रिय शेती संशोधन संस्थेने २००७ पासून दीर्घकालीन प्रयोग चालवला आहे. कापूस, सोयाबीन आणि गहू शेजारी शेजारी सेंद्रिय, रासायनिक आणि बीटीसह रासायनिक अशा पद्धतींनी घेऊन तुलना केली जाते.

२००७-०८ च्या पहिल्या फेरीत सेंद्रिय कापूस २९ टक्क्यांनी कमी आला, गहू २७ टक्क्यांनी. सोयाबीन फक्त एका टक्क्याने. २००९-१० च्या दुसऱ्या फेरीत कापूस आणि गव्हाचं उत्पन्न सगळ्या पद्धतींत जवळपास सारखं झालं, मात्र त्याचं कारण रासायनिक प्लॉटचं उत्पन्न घसरणं हे होतं. सोयाबीन त्या फेरीत ११ टक्क्यांनी कमी होतं. नफ्याच्या बाजूला पहिल्या फेरीत रासायनिक शेती २९ टक्क्यांनी पुढे होती. दुसऱ्या फेरीत सेंद्रिय २५ टक्क्यांनी पुढे गेली, मुख्यतः खर्च कमी असल्यामुळे. चारही वर्षांचं मिळून पाहिलं तर सोयाबीनमध्ये सेंद्रियचा नफा ११ टक्के जास्त.

हे आकडे काळ्या जमिनीचे आणि प्रयोगाच्या देखरेखीखालचे आहेत. मुरमाड उतारावर घट याहून मोठी असेल असंच धरून चाला. तरी त्यातून क्रम कळतो. कोरडवाहू कापूस एकरी पाच क्विंटल येत असेल आणि २९ टक्के घटला, तर दीड क्विंटलच्या आसपास गेला. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० रुपये, म्हणजे एका हंगामात एकरी अकरा हजार रुपयांचा खड्डा. सोयाबीन एकरी पाच क्विंटल आणि घट वाईटातली, ११ टक्के, धरली तरी ५,३२८ च्या हमीभावाने तीन हजारांच्या आतलं नुकसान.

म्हणून सुरुवात सोयाबीन-तुरीच्या आंतरपिकाने करावी. दोन्ही पिकं हवेतलं नत्र स्वतः घेतात, त्यामुळे ज्या दोन ट्रॉल्यांचं रडगाणं वर गायलं त्यातली एक तरी कमी होते. बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावायचा खर्च किरकोळ आहे. कापूस तिसऱ्या वर्षी, तोही तूर निघालेल्या तुकड्यात. आणि सुरुवात सगळ्या जमिनीवर नको. एक एकर पुरे, घराजवळचा किंवा गोठ्याजवळचा, जिथे खत कमीत कमी चालावं लागतं.

बियाण्याची अडचण कापसालाच आहे. देशात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आता दुकानात बहुतेक बीटीच दिसतं. सेंद्रिय प्रमाणपत्रात जनुकीय बदल केलेलं बियाणं चालत नाही. बीटी नसलेल्या सरळ वाणांसाठी खंडव्याच्या कृषी महाविद्यालयात किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत हिवाळ्यातच चौकशी करावी लागते. मे महिन्यात धावपळ करून ते हाती येत नाही.

कागद कोणता, आणि तो कोणाच्या नावाने

प्रमाणपत्राच्या दोन वाटा आहेत. पहिली एनपीओपी, केंद्र सरकारच्या अपेडाच्या देखरेखीखाली २००१ पासून चालू असलेली. यात त्रयस्थ संस्था तपासणी करते आणि निर्यात करायची तर हीच लागते. हंगामी पिकाला पेरणीआधी २४ महिने आणि बहुवर्षायू पिकाला पहिल्या काढणीआधी ३६ महिने रूपांतराचा काळ असतो. तपासणी, प्रवास आणि नमुना-चाचणी धरून एकट्या लहान शेतकऱ्याला ही वाट परवडत नाही, ती गटानेच घ्यावी लागते. मध्य प्रदेशची स्वतःची राज्य जैविक प्रमाणीकरण संस्थाही आहे. तिचं दरपत्रक आधी मागवावं आणि खासगी संस्थेच्या दरपत्रकाशेजारी ठेवून वाचावं.

दुसरी वाट पीजीएस-इंडिया. गावातले किंवा लगतचे किमान पाच शेतकरी गट करतात, एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि नोंदी पोर्टलवर चढतात. तपासणीचं शुल्क नाही. रूपांतर चालू असताना ‘पीजीएस-ग्रीन’ आणि पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ असा शिक्का मिळतो. निर्यातीला हा चालत नाही, देशात चालतो. असीरगडच्या परिसरातल्या शेतकऱ्याने, माझ्या मते, इथूनच सुरुवात करावी. खर्च आहे तो नोंदवही नीट ठेवण्याचा आणि नेटवर्क येईल अशा टेकाडावर जाऊन पोर्टल उघडण्याचा.

गटाने घेतलेल्या एनपीओपी प्रमाणपत्रात एक मेख असते. ते गटाच्या किंवा गट चालवणाऱ्या कंपनीच्या नावाने असतं. तुम्ही दुसऱ्याला माल विकायचं ठरवलं तर कागद तुमच्याबरोबर येत नाही. मध्य प्रदेशातल्या सेंद्रिय कापसाच्या गटांबद्दल गेल्या काही वर्षांत जाहीर तक्रारी झाल्या आहेत, त्यांत ‘यादीत नाव असलेल्या शेतकऱ्याला आपण गटात आहोत हेच ठाऊक नाही’ अशाही होत्या. जानेवारी २०२५ मध्ये एनपीओपीची आठवी आवृत्ती आली आणि उत्पादक गटाला कायदेशीर नोंदणीची अट आली. कोणी अंगठा किंवा सही मागायला आलं, तर गटाची नोंदणी कोणत्या नावाने आहे, भाव बाजारापेक्षा किती जास्त मिळणार आणि पैसे किती दिवसांत, एवढं लिहून घ्या. नुसत्या ‘प्रीमियम देऊ’ या शब्दावर सही करू नका.

डोंगरातल्या ज्या तुकड्यांवर युरिया कधी गेलाच नाही, त्यांना रूपांतराचा काळ कमी करून मिळण्याची तरतूद आहे, पण पुरावा लागतो. ग्रामसभेचा ठराव, ग्रामीण कृषी विस्तार अधिकाऱ्याचं लेखी पत्र, जुन्या पिकांच्या नोंदी. दुर्गम असण्याचा फायदा मिळतो तो इथेच, आणि तो बहुतेक जण घेत नाहीत. आणखी एक फायदा उताराचा : तुमच्या शेताच्या वर जंगल असेल तर खाली येणारं पाणी स्वच्छ असतं. वर दुसऱ्याचं रासायनिक शेत असेल तर त्याचा निचरा तुमच्या वाफ्यात उतरतो. तेव्हा वरच्या बांधाला चर खणून पाणी बाजूला काढावं लागतं आणि किमान तीन मीटरची पट्टी सोडावी. चौरस एकराच्या एका बाजूला एवढी पट्टी म्हणजे जवळजवळ दोन गुंठे. तिच्यातला माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही.

जमिनीचा कागद नसेल तर पुढचं सगळं अडतं. खसऱ्याची नक्कल, किंवा वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा, आधार आणि समग्र आयडी लागतात. जंगल तोडून काढलेल्या नवाड जमिनीचा विचार यासाठी करू नये. मूळ जंगल तोडलेल्या जागेला सेंद्रिय प्रमाणपत्रात थारा नाही, कायद्याची अडचण तर वेगळीच.

सरकारकडून येणारं, आणि सरकारमुळे जाणारं

परंपरागत कृषी विकास योजनेत हेक्टरी तीन वर्षांसाठी ३१,५०० रुपये आहेत. त्यांतले शेतकऱ्याच्या खात्यात थेट येतात ते निविष्ठांसाठीचे १५,००० रुपये. बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणीकरण आणि विक्रीव्यवस्थेवर जातात. मर्यादा एका शेतकऱ्याला दोन हेक्टर. एकरावर आणि वर्षावर आणलं तर साधारण दोन हजार रुपये होतात. वरच्या हिशेबातला गूळ आणि बेसन त्यात निघतं, निंदणी निघत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती मोहिमेत एकरी वर्षाला ४,००० रुपये, दोन वर्षं आणि एका एकरापर्यंत, अशी रचना आहे. दोन्ही योजना क्लस्टरने चालतात, तेव्हा आपलं गाव क्लस्टरमध्ये आहे का, हा पहिला प्रश्न. मध्य प्रदेश सरकारने २०२२ साली नैसर्गिक शेतीसाठी देशी गाय पाळणाऱ्याला महिन्याला ९०० रुपये देण्याची घोषणा केली होती. ती रक्कम हातात येईपर्यंत हिशेबात धरू नका.

जाणारे पैसे कोणी सांगत नाही. सहकारी सोसायटीच्या बिनव्याजी पीककर्जाचा एक भाग मध्य प्रदेशात खताच्या रूपाने मिळतो. युरिया-डीएपी नको म्हटलं की तेवढं स्वस्त भांडवल हातचं जातं, आणि निंदणीचे पैसे मग सावकाराकडून, व्याजाने. सोसायटीत कर्जाचा रोख भाग वाढवून मिळतो का, हे हंगामाआधी विचारून घ्या. पीकविम्याचंही तसंच. खरिपात धान्य आणि तेलबियांना हप्ता विमारकमेच्या दोन टक्के, कापसाला पाच. पण नुकसान मोजलं जातं पटवारी हलक्याच्या सरासरीवर. शेजाऱ्यांचं पीक चांगलं आणि तुमचं एकट्याचं सेंद्रियच्या पहिल्या वर्षामुळे घटलं, तर विमा एक रुपयाही देणार नाही. तो खड्डा घरच्याच पैशाने भरावा लागतो, म्हणून एकच एकर म्हणालो.

रानडुक्कर आणि रोही यांचं नुकसान दोन्ही पद्धतींत सारखंच. पंचनाम्यासाठी पटवाऱ्याला लगेच कळवा, दोन दिवस गेले की खुणा पुसल्या जातात.

भाव मिळतो कुठे

बुरहानपूरच्या किंवा खंडव्याच्या मंडीत सेंद्रिय सोयाबीनचा ढीग आणि साधा ढीग यांना एकच बोली लागते. मंडीवर राग धरून उपयोग नाही, तिथे ओल आणि माती मोजतात. जास्तीचा भाव दोनच ठिकाणी असतो : गटाने करार केलेल्या खरेदीदाराकडे, किंवा थेट खाणाऱ्याकडे. निमाडातल्या मैकाल प्रकल्पाच्या कापूस शेतकऱ्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सेंद्रिय शेतकऱ्यांचा चालू खर्च १० ते २० टक्क्यांनी कमी आणि कापसाला २० टक्के जास्तीचा भाव धरून नफा ३० ते ४० टक्क्यांनी जास्त निघाला होता. तो जास्तीचा भाव देणारा गिऱ्हाईक बांधलेला होता, हे विसरू नये.

एकट्या शेतकऱ्याला झेपते ती तूरडाळ. एक क्विंटल तुरीची डाळ साधारण ६५ किलो धरा. किलोला १६० रुपये मिळाले तर १०,४००. भरडाई, पिशव्या आणि वाहतुकीचे १,२०० वजा जाता ९,२०० उरतात. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव ८,०००. म्हणजे क्विंटलमागे बाराशे रुपये जास्त आणि वर चुणी घरात. भुसावळ-बुरहानपूर-खंडवा रेल्वेपट्ट्यातली नोकरदार कुटुंबं हे याचं नैसर्गिक गिऱ्हाईक. वीस घरं वर्षभराची डाळ घेणारी मिळाली तर एक एकर तूर संपते. शेतकरी स्वतः थेट खाणाऱ्याला विकत असेल तर प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण ‘जैविक भारत’चं चिन्ह पिशवीवर छापता येत नाही. डाळ किंवा हळदपूड करून विकायची तर अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्यावी, लहान उत्पादकाला तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे.

या धंद्यात खिसा सर्वांत जास्त कापला जातो तो बाटल्यांवर. ह्युमिक, टॉनिक, ‘बायो’ अशा नावांखाली पाचशे-हजाराच्या बाटल्या आठवडी बाजारापर्यंत पोचल्या आहेत. खत नियंत्रण आदेशाखालची नोंद लेबलवर नसेल तर घेऊ नका. बिल न देणाऱ्याकडून तर मुळीच नको, कारण उद्या तुमच्या मालाच्या नमुन्यात कीटकनाशकाचा अंश निघाला तर गट तुम्हालाच बाहेर काढेल आणि तुमच्या हातात दाखवायला कागद नसेल. प्रयोगशाळेत अंश तपासायला एका नमुन्याला काही हजार रुपये लागतात. तो खर्च गटाने वाटून घ्यावा आणि ज्याच्या शेताबद्दल शंका आहे त्याचाच नमुना आधी पाठवावा.

सुरुवात करणाऱ्याने पेरणीची वाट पाहू नये. माती-परीक्षण आणि खसऱ्याची नक्कल उन्हाळ्यात होते, खत वर जायचं तेही तेव्हाच. निंबोळ्या जूनच्या शेवटी पडू लागतात आणि पावसात भिजल्या की बुरसतात, त्या गोळा करून सावलीत वाळवाव्या लागतात. पीजीएसचा गट मात्र त्याही आधी जमवायला हवा. चार नावं नात्यात मिळतात. पाचवं नाव शक्यतो तुमच्या वरच्या बांधाच्या शेतकऱ्याचं घ्या, म्हणजे चर खणायचा आणि तीन मीटर सोडायचा खर्च वाचेल.